पडून राहिलेला माल

प्रिय पोरी,

तुझं चार पानी पत्र मिळालं. त्यातली साडेतीन पानं परवाच्या परिसंवादाची आहेत. कोणते उद्योजक काय बोलले, कुठल्या संस्थेच्या अध्यक्षांनी यशाची कोणती सूत्रं सांगितली, सगळं नंबर घालून उतरवलंयस. आणि अगदी शेवटी, सहीच्या जरा वर, एक ओळ दाटीवाटीने बसवलीयस: 'हळदीच्या चारशे पाकिटांपैकी दोनशे ऐंशी दुकानदारांनी परत केली.' मी पत्र तिथूनच वाचायला घेतलं.

परिसंवादात कुणी खोटं बोललं असेल असं मला वाटत नाही. जिद्द, चिकाटी, वेळेचं नियोजन, सगळं खरंच आहे. पण शाल-श्रीफळ घेऊन बसलेला माणूस आपली सुरुवातीची पाच वर्षं एका वाक्यात उरकतो: 'अडचणी आल्या, पण आम्ही डगमगलो नाही.' मला रस आहे तो नेमका त्या वाक्यात. माल खपत नव्हता तेव्हा हा गृहस्थ सकाळी उठून काय करत होता? कुठे जात होता, कुणाशी बोलत होता? ते कुणी विचारत नाही, कारण तोवर चहाची वेळ झालेली असते.

किर्लोस्करवाडीवरून आपली रेल्वे किती वेळा जाते. ती वाडी ज्यांची, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत हे तिथे कळलं, तेव्हा रंग सोडून यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले, मग तेच शिकवायला लागले. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले आणि सायकली विकू लागले. पुढे लोखंडी नांगर केला. चाळीस नांगर तयार झाले आणि घ्यायला कुणी येईना. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष उतरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ते चाळीस नांगर खपायला दोन वर्षं लागली. १९१० साली औंधच्या राजांनी कारखान्यासाठी जागा दिली, तीही निवडुंग आणि सापांनी भरलेली. आज फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, म्हटली की आपल्याला धुराडं दिसतं. मला मात्र ते चाळीस नांगर दिसतात, भिंतीला टेकून गंजत उभे असलेले.

आणि त्यांच्यापाठोपाठ माझी पस्तीस टोकण यंत्रं दिसतात. ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, कारण तीत मी फारसा शहाणा दिसत नाही.

१९८४ साली नवीन शेड घेतली, लेथ घेतलं आणि भुईमूग टोकायचं, म्हणजे एकेक दाणा पेरायचं, हातयंत्र बनवलं. उभ्याने दाबायचं, एक दाणा खाली पडायचा. वाकायला नको, कंबर दुखायला नको. मला वाटलं, लोक रांगा लावतील. पस्तीस नग केले, हिरवा रंग दिला, चार दुकानांत ठेवले. हंगाम गेला, तीन विकले गेले. मी दोन वर्षं शेतकऱ्यांना नावं ठेवली. यांना नवीन काही नकोच, हे असेच राहणार, वगैरे. शेवटी एका पाहुण्याच्या रानात एक यंत्र घेऊन गेलो. टोकणीला सात-आठ बायका होत्या. त्यातल्या एकीने यंत्र हातात घेतलं, दोनदा दाबलं आणि परत दिलं. म्हणाली, 'दादा, टोकणी आम्ही करणार, आन् दांडा तुमच्या उंचीचा!' तिचा हात छातीपर्यंत वर जात होता. पाच फूट दहा इंचांच्या माणसाने शेडमध्ये उभं राहून, स्वतःच्या कोपराचं माप घेऊन, तो दांडा कापला होता.

नऊ इंच कापायचे होते फक्त. पण तोवर भांडवल संपलं होतं, बत्तीस नग भंगारात गेले. आपण विकत कुणाला घ्यायला लावतोय आणि वापरणार कोण आहे, हे दोन वेगळे असू शकतात, ही गोष्ट मला बत्तीस यंत्रांना पडली. दुकानदाराने मला हे कधीच सांगितलं नसतं. त्याला माहीतच नव्हतं.

म्हणून तुझ्या पत्रात मी एक शब्द शोधत होतो आणि तो मला सापडला नाही. दुकानदार काय म्हणाले ते आहे, मार्जिन किती मागितलं ते आहे, शेजारच्या कंपनीचं पाकीट किती चकचकीत आहे तेही आहे. ज्या एकशे वीस घरांत तुझी हळद गेली, त्यांतली एक तरी बाई काय म्हणाली? त्या एकशे वीसजणी दोनशे ऐंशी पाकिटांपेक्षा जास्त महत्त्वाच्या आहेत. त्यांतल्या किती दुसऱ्यांदा आल्या?

परिसंवादात निघालेल्या नावांच्या तुझ्या यादीत कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव 'शिक्षण' या सदरात घातलंयस. घाल, पण एवढं लक्षात असू दे की हा माणूस आधी विक्रेता होता. किर्लोस्करांचे नांगर विकायला ते खेडोपाडी हिंडले. नांगर विकायचा म्हणजे पारावर बसायचं, शेतकऱ्याचं ऐकायचं, हिशेब समजावायचा. आणि समोरच्या माणसाला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून सावकारापासून दुकानदारापर्यंत कुणीही त्याला नाडतो, हे अशा फिरतीत जितकं दिसतं तितकं कचेरीत बसून दिसणार नाही. माझा आपला अंदाज आहे, पण रयत शिक्षण संस्थेची पायवाट त्या फिरतीतूनच गेली असावी. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहणार, एकत्र जेवणार, आणि राबून शिकणार. पोरांच्या जेवणाला पैसे नाहीत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. भाषणात टाळ्या इथे पडतात. मी मात्र 'कमवा आणि शिका'पाशी थांबतो, कारण मी त्यातला आहे. कॉलेजच्या बागेत पाणी पाजून माझी फी निघाली. गरीब मुलाला फुकट शिकवण्यापेक्षा त्याला काम देऊन शिकवलं की तो मान वर करून वर्गात बसतो. हे ज्याला सुचलं, त्याला आपलं 'गिऱ्हाईक' आतून माहीत होतं. शिक्षणाला हा शब्द लावला म्हणून रागावू नकोस, चाळीस वर्षं धंदा केलाय.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं नाव परिसंवादात निघालं नाही असं दिसतं. निघायला हवं होतं. १९४५ साली बोर्डीला, नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखत होती. आता यावर सभा घेता येते, पालकांना बोल लावता येतात. मी माझ्या टोकण यंत्राच्या वेळी केलं तेच. या बायकांनी शाळाच कुरणात नेली. गुरं चरताहेत, मुलं शिकताहेत. कुरणशाळा! मला तर हा शब्दच एखाद्या पेटंटसारखा वाटतो.

महर्षी कर्व्यांचं एवढंच सांगतो. १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झालं आणि १९२१ मध्ये पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली, तीत पाचजणी होत्या. पाच वर्षांनी पाच! तुझी एकशे वीस पाकिटं दोन महिन्यांत गेली आहेत, तेव्हा रडू नकोस.

पण एक सांभाळ. या सगळ्या गोष्टी ऐकून 'टिकून राहिलं की होतंच' असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नकोस. त्या काळात आणखीही कुणी अवजारं केली असतील, तीही पडून राहिली असतील आणि दुकान मोडलं असेल. त्यांना व्यासपीठावर कुणी बोलवत नाही. माझे दोन मित्र माझ्याइतकेच चिकट होते, एकाचं घर गेलं. नुसती चिकाटी ही आपल्या चुकीलाही तितकीच घट्ट चिकटते. पडून राहिलेल्या मालाशी तू काय करतेस, त्यावर पुढचं ठरतं.

लिज्जतच्या बायकांचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. १९५९च्या मार्चमध्ये गिरगावात सात बायका ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं. पुढे पावसाळा आला, पापड वाळेनात, चार महिने काम बंद. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणली आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली. झालं, पावसात पापड वाळू लागले. शेड नाही, ड्रायर नाही, कर्जाची फाईल नाही.

हे मुद्दाम लिहितोय, कारण तिसऱ्या पानावर तू हळूच विचारलंयस की सरकारी योजनेतून अनुदान मिळतंय तर मोठा पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं यंत्र, आणि पॅकिंग मशीन घेऊ का. नको. आत्ता तर नकोच. दोनशे ऐंशी पाकिटं परत येतात तेव्हा मोठ्या मशीनने दोन हजार आठशे परत येतील, एवढंच. अनुदान नंतर जमा होतं, कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाही. आणि दळताना मशीन तापलं की हळदीचा वास उडतो, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. तुझी आत्ताची संथ चक्की हेच तुझं भांडवल असू शकतं. ते पाकिटावर मात्र कुठेच लिहिलेलं दिसलं नाही. पाकिटावर काय लिहिलंयस? 'शुद्धतेची परंपरा'. धंदा सुरू होऊन दोन महिने झालेत, पोरी!

विठ्ठलराव विखे पाटलांबद्दल तू चार ओळी लिहिल्यात, त्यांत एक राहिली. स्वतःचं शिक्षण बेताचं असलेल्या या शेतकऱ्याने गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं, १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पहिल्या अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. आपल्याला जे येत नाही ते येणारा माणूस शोधायचा आणि त्याला खुर्ची द्यायची, नुसता सल्ला घेऊन चहावर बोळवण करायची नाही. तुझी ती बी.कॉम. झालेली मैत्रीण आहे ना, तिला हिशेबाला घे आणि नफ्यात हिस्सा दे. उधारीची वही तिच्याकडे. तुला नाही म्हणता येत नाही, तिला येतं. माझे एका व्यापाऱ्याकडे अडकलेले पैसे अकरा वर्षांनी निम्मे मिळाले, कारण मलाही नाही म्हणता येत नव्हतं.

आता पुढचे पंधरा दिवस एवढं कर. दुकानांत जाऊ नकोस. जिथे तुझी हळद गेलीय अशी वीस घरं गाठ. विकायला जाऊ नकोस, डबा बघायला जा. पाकीट फोडून हळद डब्यात काढली की पाकिटातच ठेवलीय? आमटीला किती घालतात? रंग कसा वाटला, हे विचारू नकोस, सगळे चांगलाच म्हणतात. त्याऐवजी, संपल्यावर पुढची कुठून आणली, हे विचार. वही बरोबर ने, पण त्यांच्यासमोर उघडू नकोस. पायरी उतरलीस की लिही.

रविवारी इकडे ये. परत आलेलं एक खोकं जसंच्या तसं, न उघडता आण. तू जाताना दिलेलं पाकीट काकूने वापरायला काढलंय, आणि पहिल्याच दिवशी तिने कात्रीसाठी मला हाक मारली. त्या पाकिटाबद्दल तिचं आणखीही काहीतरी म्हणणं आहे. मी दोनदा विचारलं. म्हणते, तुम्हाला सांगून काय उपयोग, तिलाच सांगेन.

तुझा,
काका