जर्मनीसारखी ऑस्ट्रियानेही ज्यूंच्या छळाची जबाबदारी स्वीकारली का? आपण त्यातून काय घ्यावं?

स्वीकारली, पण फार उशिरा आणि जगात नाचक्की झाल्यावर. व्हिएन्नात राहतो, त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही.

१९४३च्या मॉस्को जाहीरनाम्यात दोस्त राष्ट्रांनी ऑस्ट्रियाला हिटलरचा पहिला बळी म्हटलं. युद्धातल्या सहभागाची जबाबदारी टाळता येणार नाही, हेही त्यातच होतं. ऑस्ट्रियाने पहिलं तेवढं पाठ केलं. मार्च १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला, तेव्हा व्हिएन्नातल्या हेल्डनप्लाट्झ चौकात त्याचा जयजयकार करायला लोटलेली गर्दी काय बळी जायला आली होती?

पुण्याहून काका आले होते तेव्हा त्यांना ऑपेरामागचं स्मारक दाखवलं. १९३८मध्ये ज्यूंना गुडघ्यांवर बसवून रस्ते घासायला लावायचे आणि शेजारीपाजारी मजा बघायचे. तसाच एक वाकलेला म्हातारा तिथे ब्राँझमध्ये आहे. लोक दमले की खुशाल त्याच्या पाठीवर टेकायचे, म्हणून पाठीवर काटेरी तार बसवावी लागली. काका म्हणाले, "आता कशाला उगाळायचं? आणि काही म्हण, हिटलर माणूस शिस्तीचा होता." हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद त्यांनी फूटपाथवर घेतलाय, तेवढ्यावर हे ज्ञान.

मी तडक त्यांना कार्ल लुएगरच्या पुतळ्यापाशी नेलं. हा १८९७ ते १९१० व्हिएन्नाचा महापौर. डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी शहरात आणणारी दुसरी मोठी वाहिनी, गॅस, ट्राम, सगळं केलं; आणि मतं मिळवली ज्यूद्वेषावर. तरुण हिटलर तेव्हा व्हिएन्नातच होता. काकांच्या त्याच पुस्तकात त्याने लुएगरचं तोंडभर कौतुक केलंय, ते पान काकांनी बहुधा गाळलं असावं. यावर काका: "पण पाणी तर आणलं ना!" इथले म्हातारेही अगदी हेच म्हणतात. २०१२मध्ये त्याच्या नावाचा रस्ता बदलला, २०२०मध्ये पुतळ्यावर कुणीतरी रंगाने 'लाज' लिहिलं, आणि २०२३मध्ये पुतळा साडेतीन अंश कलता करायची कल्पना निवडली गेली. साडेतीन अंश! तेवढीच काय ती लाज.

बाकी इतिहास माहीत असेलच. १९८६मध्ये संयुक्त राष्ट्रांचा माजी सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम याने लपवलेली, युद्धकाळात हिटलरच्या सैन्यातली बाल्कनमधली नोकरी बाहेर आली, तरी लोकांनी त्याला राष्ट्राध्यक्ष केलं. अमेरिकेने त्याला प्रवेशबंदी केली. चान्सलर (म्हणजे सरकारप्रमुख) व्रानित्स्की संसदेत ऑस्ट्रियनांच्या वाट्याची जबाबदारी बोलले ते थेट १९९१मध्ये.

आपण काय घ्यावं? घरात कुणी "पण काम तर केलं ना" म्हणालं, की वय न बघता तिथेच विचारावं, कुणाच्या जिवावर. वडीलधाऱ्यांपुढे बोलू नये हे मला आईने त्या रात्री फोनवर ऐकवलं. मला पटलं नाही, आजही पटत नाही.

हां, सगळंच वाईट नाही. ठार झालेल्या ६४ हजारांहून जास्त ज्यूंची नावं कोरलेल्या भिंती २०२१पासून शहरात उभ्या आहेत, आणि नाझींच्या छळामुळे देश सोडावा लागलेल्यांच्या वंशजांना २०२०पासून नागरिकत्व मिळतं. पण २०२४च्या संसदेच्या निवडणुकीत पहिला आलेला फ्रीडम पार्टी (एफपीओ) हा पक्ष ज्याच्या अध्यक्षतेखाली सुरू झाला, तो एसएस या नाझींच्या निमलष्करी दलाचा माजी अधिकारी होता, हेही लिहून ठेवा.