वाइल्डफ्लाय डेबियनमध्ये का नाही, आणि टॉमकॅट पॅकेजमधून घ्यावा की टारबॉलमधून?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: डेबियन लिनक्समध्ये टॉमकॅट, जेट्टी हे जावा सर्व्हर मिळतात तर वाइल्डफ्लाय हा तसाच सर्व्हर का नाही, आणि टॉमकॅट ॲप्टने (डेबियनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने) घ्यावा की मूळ प्रकल्पाचा टारबॉल, म्हणजे तयार फाइलींचा गठ्ठा, सरळ 'ऑप्ट' फोल्डरमध्ये सोडावा.

पहिलीचं थोडक्यात सांगतो. डेबियनमध्ये जे येतं ते सोर्सपासून बांधलेलं असावं लागतं, आणि बिल्डच्या वेळी नेटला हात लावता येत नाही. मेव्हन या जावाच्या बिल्ड साधनाला नेटवरून जार (तयार जावा लायब्ररी) ओढून आणायची सवय. ती इथे चालत नाही, लागणाऱ्या प्रत्येक जारचं आधी पॅकेज हवं. टॉमकॅटला बाहेरचं फारसं लागत नाही म्हणून निभतं. वाइल्डफ्लायच्या पोटात शेकडो जार आहेत. ते बांधून पुढे वर्षानुवर्षं सांभाळायला तेवढे स्वयंसेवक कुठून आणणार?

दुसऱ्या प्रश्नावर मी भांडलेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१९ च्या शेवटी आम्ही एक ॲप्लिकेशन डेबियन १० वर, पॅकेजमधल्या टॉमकॅट ९ वर हलवलं. लॉगिन चाललं, रिपोर्ट चालले, पीडीएफ अपलोड मात्र पडायचं. लॉगमध्ये एकच ओळ: 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम'. अपलोडचं फोल्डर 'एसआरव्ही'खाली होतं. मालक टॉमकॅट, परवानग्या ठीक, डिस्क रिकामी. सुडोने टॉमकॅट युजर होऊन तिथे टच (रिकामी फाइल बनवणारी आज्ञा) मारला तर फाइल झाली! सर्व्हरला मात्र तीच जागा बंद. कुणीतरी ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, सुद्धा देऊन पाहिलं. दोन तास गेले. शेवटी आमचे लीड म्हणाले, "हे पॅकेजवाले नको तिथे हात घालतात. टारबॉल टाक आणि मोकळा हो." संध्याकाळी टारबॉल चढला, तोही रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरने, चालवलेला.

रात्री घरी मी पॅकेजमधल्या टॉमकॅटची युनिट फाइल उघडली, म्हणजे सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीसाठीच्या सूचना. त्यात 'प्रोटेक्टसिस्टम=स्ट्रिक्ट' होतं. म्हणजे सर्व्हिसला वेबॲप्स, लॉग अशा मोजक्या जागा सोडल्या तर बाकी सगळं फक्त वाचता येतं. ही बंदी सर्व्हिसपुरतीच असते, म्हणून माझा टच चालला होता. उपाय एका ओळीचा: सिस्टमसीटीएल एडिटने 'रीडराइटपाथ्स'मध्ये ते फोल्डर द्यायचं आणि सर्व्हिस रीस्टार्ट करायची. पॅकेजसोबतच्या रीडमीमध्येही हे लिहिलेलं आहे. सकाळी दाखवलं, तर "आता चालतंय ना, राहू दे" एवढंच उत्तर मिळालं.

फेब्रुवारी २०२० मध्ये टॉमकॅटमधलं घोस्टकॅट नावाचं सुरक्षेचं भोक निघालं, नोंद क्रमांक सीव्हीई-२०२०-१९३८. ते होतं एजेपी कनेक्टरमध्ये, म्हणजे पुढच्या वेब सर्व्हरशी बोलायच्या टॉमकॅटच्या दारात, पोर्ट ८००९. त्यातून वेबॲपच्या आतल्या फाइली बाहेरून वाचता यायच्या, आणि आमच्या डेटाबेसचा पासवर्ड तिथल्याच एका प्रॉपर्टीज फाइलमध्ये होता. ९.०.३१ च्या आधीच्या मूळ टॉमकॅटमध्ये हा कनेक्टर सुरूच असायचा, सगळ्या पत्त्यांवर ऐकत. आमचा टारबॉल तसाच होता. पॅकेजच्या सर्व्हर डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये तो कॉमेंट करून बंद ठेवलेला होता. मी दोन्ही फाइली शेजारी ठेवून पाहिल्या. पोर्ट मी त्याच दिवशी बंद केलं. टारबॉलची आवृत्ती बघणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: पॅकेजच घ्या. ॲप्लिकेशन कुठे लिहितं याची यादी आधी करा आणि ती सिस्टमसीटीएल एडिटने होणाऱ्या ओव्हरराइडमध्ये टाका. ती एरर म्हणजे पॅकेजचा आगाऊपणा नव्हता. आमचं ॲप्लिकेशन कुठे लिहितं हेच आम्ही कुठे नोंदवलं नव्हतं, आणि ते त्या एररने उघडं पाडलं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. घोस्टकॅटची दुरुस्ती डेबियन १० मध्ये मे महिन्यात आली, मूळ प्रकल्पाने ती फेब्रुवारीतच दिली होती. २०१६ मध्ये तर डेबियनच्याच सुरुवातीच्या स्क्रिप्टमधून टॉमकॅट युजरला रूट होता येत होतं. आणि डेबियन १२ वर सर्व्हर म्हणून टॉमकॅट १० च मिळतो, त्यात कोडमधल्या जावाएक्स या पॅकेज-नावांचं जकार्ता झालेलं आहे, म्हणून जुनी ॲप्लिकेशनं तशीच चालत नाहीत. जुनी वॉर (ॲप्लिकेशनची बांधलेली फाइल) 'वेबॲप्स-जावाईई' फोल्डरमध्ये ठेवली तर टॉमकॅट ती बदलून घेतो, पण आधी चाचणीच्या मशीनवर बघा. नेमकी एखादीच आवृत्ती हवी असेल तर टारबॉल वापरा. वेगळा युजर करा, एजेपी बंद ठेवा, आणि नवी आवृत्ती आली की ती कोण चढवणार त्याचं नाव त्याच दिवशी लिहून ठेवा.