इजिप्तची राजकन्या फथिया अमेरिकेत इतकी कंगाल कशी झाली?

तुम्ही विचारलंय की इजिप्तचा राजा फारूक याची सख्खी बहीण फथिया ही राजाला गादीवरून उतरवणाऱ्या 1952 च्या क्रांतीमुळे देशोधडीला लागली का. नाही. तिच्यावर दरवाजा बंद झाला तो क्रांतीच्या दोन वर्षं आधी, आणि तो भावानेच केला.

फथियाचा जन्म डिसेंबर 1930 चा, राजा फुआदचं धाकटं शेंडेफळ. वडील गेल्यावर आई नाझली आणि गादीवर बसलेला फारूक यांचं फाटत गेलं. 1946 मध्ये नाझली मूत्रपिंडाच्या उपचारांसाठी परदेशी निघाली आणि धाकट्या मुलींना सोबत घेऊन गेली. वाटेत रियाद घाली हा वकिलातीतला कॉप्टिक (इजिप्तच्या जुन्या चर्चचा) ख्रिश्चन माणूस त्यांच्या दिमतीला आला, तो कायमचाच. एप्रिल 1950 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फथियाने त्याच्याशी लग्न केलं. ती 19 वर्षांची होती. मुसलमान राजघराण्यातल्या मुलीने ख्रिश्चनाशी लग्न करणं कैरोत खपणारं नव्हतं. त्याच वर्षी फारूकने मायलेकींच्या पदव्या काढून घेतल्या, मालमत्ताही हातची गेली.

कंगालीचं मूळ इथे आहे. राजघराण्याचं खरं उत्पन्न जमिनीचं, आणि जमीन इजिप्तमध्ये. ते आटलं की उरतं फक्त सोबत आणलेलं जडजवाहीर आणि रोकड. पुढे भावाने माफ केलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण जुलै 1952 मध्ये फारूकलाच गादी सोडावी लागली आणि 1953 मध्ये नव्या सरकारने साऱ्या घराण्याची मिळकत जप्त केली. म्हणजे येणं शून्य, खर्च मात्र बेव्हर्ली हिल्स या लॉस एंजेलिसजवळच्या श्रीमंत वस्तीचा, पदरात तीन मुलं, आणि व्यवहार रियादच्या हाती. त्याच्या गुंतवणुका बुडाल्या, कर्ज चढलं, दागिने विकायची पाळी आली.

दागिना ही अडीनडीची पुंजी, पण घाईत विकला तर तो दगा देतो. आपल्याकडे मोडीला नेलं की सोनार घडणावळ धरत नाही, तीच गत. नाझलीचा, व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या फ्रेंच जवाहिऱ्यांनी 1939 मध्ये घडवलेला हार घ्या: सहाशेहून जास्त हिरे, वजन दोनशे कॅरेटच्या वर. 1975 च्या लिलावात तो अख्खा गेला, 1,40,000 डॉलरला. तोच हार 2015 मध्ये न्यूयॉर्कला सुमारे 43 लाख डॉलरला विकला गेला. चाळीस वर्षांची महागाई आणि राणीच्या नावाचं वलय धरूनही हा फरक मला फार बोचतो. गरजवंताला थांबता येत नाही.

फथियाने 1973 मध्ये घटस्फोट घेतला. 10 डिसेंबर 1976 रोजी लॉस एंजेलिसमध्ये रियादने तिला गोळ्या घालून मारलं. शेहेचाळिसावा वाढदिवस एका आठवड्यावर होता. दीड वर्षाने, मे 1978 मध्ये, आईही गेली. दोघींनी कॅथलिक पंथ स्वीकारला होता, त्यामुळे त्यांची दफनं कैरोच्या शाही मशिदीत न होता कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीच्या होली क्रॉस दफनभूमीत झाली.

अधिक शोधणार असाल तर एक काळजी घ्या. फथियाच्या नावाखाली हमखास फौझियाचे फोटो फिरतात. फौझिया ही थोरली बहीण, इराणच्या शहाची पहिली बायको. ती क्रांतीनंतरही इजिप्तमध्येच राहिली आणि 2013 मध्ये अलेक्झांड्रियात वारली. फोटोत शहा शेजारी दिसला, तर ती फथिया नव्हे.