किल्लीचा आवाज

प्रिय मित्रा,

परवा निघताना तू म्हणालास, "मी काही व्यसनी नाही, रोज थोडीच पितो!" हेच वाक्य मी 11 वर्षं म्हणत आलो, त्यामुळे वाद घालत नाही. किती पितोस तो हिशोब राहू दे. पिण्यापायी काय काय सुटत गेलं, तेवढं बघ.

माझी नोकरी शाबूत होती. कर्ज नव्हतं, कुणावर हात उगारला नव्हता. म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चाललो होतो. दारू सुटून काही महिने झाल्यावर मुलगी सहज बोलून गेली, "बाबा, तुम्ही कुलपाला किल्ली कशी लावता, त्यावरून मला कळायचं." पहिल्या झटक्यात लागली तर ती दाराशी धावत यायची. कुलपावर खरखरली, की दिवा मालवून झोपेचं सोंग. तेव्हा ती सात वर्षांची होती. आणि मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचो, आमची पोर लवकर झोपते.

घरची माणसं आपल्या पिण्याच्या बेतानं जगायला शिकतात, तेही गुपचूप. म्हणून आपल्याला काही दिसत नाही.

तू एक वही घे आणि गेल्या 12 महिन्यांचं लिही. डॉक्टरही निदान करताना तेवढाच काळ बघतात. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेत दारूच्या विकाराची 11 लक्षणं आहेत. त्यांतली 2 जुळली तरी सौम्य विकार धरतात, 6 किंवा जास्त असतील तर तीव्र. 'रोज पितोस का' हा प्रश्न त्यात नाहीच. ठरवलं त्याहून जास्त होतं का, कमी करायला जाऊन फसलास का, पूर्वीइतक्यात भागेनासं झालं का, आवडीचं काही सुटलं का, अशी ती लक्षणं. तुझं पहाटेचं पोहणं कधी थांबलं रे? तेव्हा सगळ्यांना काय कारण सांगितलंस, आणि खरं काय होतं?

मग ज्याच्याशी खोटं बोलणं तुला जड जातं, अशा एकाला ते पान दाखव. काय राहिलं ते विचार, आणि तो बोलत असताना मध्ये तोंड उघडू नकोस. हे सगळ्यात अवघड जाईल.

एक मात्र कळकळीनं सांगतो. पान वाचून हादरलास तरी एकट्यानं एकदम बंद करू नकोस. रोज पीत नाहीस म्हणतोस, पण सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, तर आधी डॉक्टर गाठ. शरीराला सवय लागलेली असताना दारू अचानक तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जिवावरही बेततं. वेळेवर औषधं मिळाली तर हे टाळता येतं.

रविवारी ये, पान भरलेलं असो वा कोरं. माझी जुनी वही काढून ठेवतो. किल्लीची गोष्ट तिच्यात दहाव्या पानावर आहे. आधीच्या नऊ पानांवर मी फक्त दुसऱ्यांच्या चुका लिहिल्या होत्या.

तुझा,
काका