'एलईडी की आयपीएस?' हा प्रश्नच चुकतोय

प्रश्न आलाय की मॉनिटर घ्यायला गेलं की दुकानदार "एलईडी देऊ की आयपीएस" विचारतो, तर फरक काय आणि पॅनल म्हणजे नक्की काय.

अहो, ही निवडच नाहीये! एलईडी हा मागचा दिवा, आयपीएस ही पुढच्या दोन काचांमधल्या द्रव स्फटिकाच्या (लिक्विड क्रिस्टल) रेणूंची रचना, या काचा न् मधला द्रव स्फटिक मिळून झालं पॅनल, आणि हल्लीच्या आयपीएस मॉनिटरमधे दोन्ही असतातच. विचारायचं तर पॅनल कुठल्या प्रकारचं, टीएन (ट्विस्टेड नेमॅटिक), व्हीए (व्हर्टिकल अलाइनमेंट) की आयपीएस (इन-प्लेन स्विचिंग), असं विचारा. ओलेड वेगळा, त्यात मागे दिवाच नसतो, पिक्सेल स्वतः उजळतात.

पॅनलचं मूळ लॅटिन 'पान्नुस', म्हणजे कापड. त्यावरून कापडाचा तुकडा, मग चर्मपत्राचा, मग त्यावरची ज्यूरीची यादी, मग यादीतली माणसं, आणि तसंच येत येत आपल्या साखर कारखान्याच्या निवडणुकीतलं पॅनल. पण खरी गंमत पुढेच आहे, टीएनमधला एन म्हणजे नेमॅटिक आणि ग्रीकमधे 'नेमा' म्हणजे धागा! रेणू धाग्यासारखे लांबट म्हणून हे नाव, असं सर्रास लिहितात, ते साफ चूक. १९२२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज फ्रिडेलने नाव दिलं ते सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या धाग्यांसारख्या रेषांवरून, आणि त्या रेषा म्हणजे रेणूंची दिशा जिथे बिघडते त्या जागा. बिघाडावरून अख्ख्या पदार्थाचं बारसं झालं, मला हे फार आवडतं.

माझं तर ठाम मत आहे की आपण टीएन, व्हीए आणि आयपीएसला सरळ पिळाचं, उभं आणि आडवं पॅनल म्हणावं. टीएनमधे रेणूंची रांग एका काचेपासून दुसरीपर्यंत ९० अंशांत पिळलेली. व्हीएमधे करंट नसताना रेणू काचेला काटकोनात उभे, उजेड जवळजवळ पूर्ण अडतो म्हणून काळा रंग गडद, कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातल्या उजेडाचं प्रमाण, ३०००:१ च्या आसपास. आयपीएसमधे ते काचेला समांतर आडवे राहूनच फिरतात म्हणून बाजूने बघितलं तरी रंग फारसे बदलत नाहीत, पण कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१. फोटोचं काम असेल तर आडवं घ्या, अंधारात सिनेमे बघायचे तर उभं. नावातच सगळं कळतं की नाही?

आता फ्रिडेलशीच माझं भांडण आहे. त्याला 'द्रव स्फटिक' हा शब्दच नको होता, हे धड द्रवही नाही न् स्फटिकही नाही म्हणून 'मेसोमॉर्फ' म्हणजे मधल्या रूपाचं म्हणा, हा त्याचा आग्रह. पण १८८८ साली प्रागमधे वनस्पतिशास्त्रज्ञ रायनित्झरला पहिल्यांदा दिसलं ते काय होतं? गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून केलेला पदार्थ १४५.५ अंशांना वितळून गढूळ झाला आणि थेट १७८.५ ला स्वच्छ झाला. मधल्या टप्प्यात तो वाहतही होता आणि प्रकाशाशी स्फटिकासारखा वागतही होता, मग दोन्ही शब्द हवेतच ना!