‘पेरेनिअल’ म्हणजे कायमचा?

प्रश्न : ‘पेरेनिअल’ या इंग्रजी विशेषणाला ‘कायमचा’ हा प्रतिशब्द चालेल काय? (एक वाचक, लातूर)

उत्तर : सरसकट चालणार नाही. लॅटिनमधील ‘पेर’ म्हणजे ‘आरपार’ आणि ‘आन्नुस’ म्हणजे ‘वर्ष’ यांपासून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘वर्षभर टिकणारा’ असा असल्याने, उन्हाळ्यातही न आटणाऱ्या नदीसाठी आपला ‘बारमाही’ हा शब्द तंतोतंत बसतो. मराठवाड्यातील कोरड्या पात्रांकडे पाहून तो उच्चारताना संकोच वाटतो, ही गोष्ट वेगळी. वनस्पतिशास्त्रात मात्र दोन वर्षांहून अधिक जगणाऱ्या वनस्पतीला ‘बहुवर्षायू’ म्हणतात : ज्वारी वर्षायू, केसर आंबा बहुवर्षायू. जिच्यापायी २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या पाणीटंचाईला हे विशेषण लावताना ‘पुन्हापुन्हा उद्भवणारी’ हीच छटा अभिप्रेत असते.