पहिल्या मजल्यावरच्या हॅम (हौशी रेडिओ) स्टेशनचं आरएफ (रेडिओ लहरींचं) ग्राउंड कसं सुधारावं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात पहिल्या मजल्यावर खोली, १०० वॉटचा एचएफ (शॉर्टवेव्ह) सेट, गच्चीवर २० मीटर लांबीची एंड-फेड (एका टोकाकडून चालवलेली) अँटेनाची तार, तिच्या टोकाला ती केबलशी जुळवणारा ४९:१ ट्रान्सफॉर्मर आणि तिथून आरजी-५८ कोअॅक्स केबल सरळ खिडकीतून आत. सेटच्या मागून हिरवी वायर ५ मीटर खाली अंगणातल्या अर्थिंगच्या रॉडला. २० मीटर बँडवर (१४ मेगाहर्ट्झ) माईक ओठाला चटका देतो, माउस अडकतो. ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झ) त्रास कमी, १० मीटरवर (२८ मेगाहर्ट्झ) जवळपास नाहीच. मग दुसरा खड्डा खणून कोळसा-मीठ भरायचं का?

या कारणासाठी तर नकोच. बँड बदलला की त्रास बदलतो, यातच निदान आहे. १४ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण ५ मीटर, म्हणजे नेमकी तुमच्या हिरव्या वायरची लांबी. अशा वायरचं खालचं टोक जमिनीला टेकलं की वरचं टोक आरएफच्या दृष्टीने तुटल्यासारखंच असतं. २८ मेगाहर्ट्झला तीच वायर अर्धी तरंगलांबी होते आणि रॉडकडची स्थिती वर जशीच्या तशी उमटते, म्हणून १० मीटरवर शांतता. ४० वर मधली गत: सरळ वायरचं इंडक्टन्स मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री धरलं तर ७ मेगाहर्ट्झला ५ मीटरचे २०० ओहमच्या वर होतात. पुढे खड्डा १ ओहमचा असला काय नि २० ओहमचा असला काय, आरएफला त्याचा पत्ताच लागत नाही.

आधी एक तपासणी करा. अँटेनाचं कोअॅक्स काढून सेटला डमी लोड (लहरी बाहेर न सोडता पॉवर गिळणारा रेझिस्टर) लावा आणि पूर्ण पॉवरवर बोला. चटका आणि माउसचा त्रास गेला, तर आरएफ कोअॅक्सच्या शील्डच्या (बाहेरच्या जाळीच्या) बाहेरच्या अंगाने खोलीत उतरतंय. तुमच्या मांडणीत हेच निघेल, कारण अर्ध्या तरंगलांबीची तार टोकाकडून चालवली तरी करंटला परतीची वाट लागतेच. ती दिली नाही की तो शील्ड वापरतो आणि शील्ड संपतं तुमच्या टेबलावर. (डमी लोडवरही त्रास राहिला तर कनेक्टरचं सोल्डरिंग आणि सेट ते ट्यूनर (अँटेना सेटशी जुळवणारी पेटी) जोडणारा तुकडा तपासा.)

तेव्हा पहिलं काम गच्चीवर. ट्रान्सफॉर्मरपासून कोअॅक्सवर २ मीटर मोजा आणि तिथे चोक (शील्डबाहेरचं आरएफ अडवणारी गुंडाळी) घाला. तेवढा २ मीटरचा तुकडाच काउंटरपॉइजचं, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेचं काम करतो. ४० मीटर बँडच्या ०.०५ तरंगलांबीला तो पुरतो. चोकसाठी एफटी-२४० मापाचा, ३१ नंबर मिक्सचा फेराइट कोर घ्या आणि आरजी-५८ चे ११-१२ फेरे शेजारी-शेजारी गुंडाळा, एकावर एक चढू देऊ नका. कोअॅक्स भरीव पॉलिथिनचं हवं. फोमवालं एवढं वळवलं की आतला कंडक्टर हळूहळू बाजूला सरकतो.

कोरच्या बाबतीत बाजारात फार फसगत होते. जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायमधला पिवळा-पांढरा टोरॉइड आयर्न पावडरचा असतो, त्याचा चोक होत नाही. लाल रंगाचाही नाही. केबलवर चिमटायचे काळे क्लिप-ऑन मणी एका फेऱ्यात एचएफवर नगण्य काम करतात. इम्पिडन्स फेऱ्यांच्या साधारण वर्गाने वाढतो, म्हणून एका कोरमधून पाच फेरे हे पाच मण्यांपेक्षा कितीतरी भारी. कोर नसेल तर कोअॅक्सचं नुसतं भेंडोळं करायचा सल्लाही मिळेल. तो एखाद्या बँडपुरता चालतो, चार बँडांच्या अँटेनाला नाही. बसवल्यावर एफटी-८ (संगणकावरून चालणारी डिजिटल पद्धत) दहा मिनिटं चालवून, प्रसारण बंद करून कोरला हात लावा. कोमट ठीक, चांगला तापला असेल तर एक चोक कमी पडतोय, अर्धा मीटर पुढे दुसरा घाला.

तसाच एक चोक खोलीच्या तोंडाशी, आणि माउसच्या यूएसबी केबलला छोट्या कोरवर पाच-सहा फेरे.

आता टेबल. सेट, ट्यूनर, पॉवर सप्लाय, लॅपटॉप इंटरफेस यांच्या बॉडी एकाच पातळीवर राहिल्या की त्यांच्यामध्ये आरएफ व्होल्टेज उरत नाही. टेबलामागे २५ × ३ मिमीची तांब्याची पट्टी लावा. इतवारीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत चौकशी करा, नाही मिळाली तर एसीवाल्यांकडची तांब्याची नळी चपटी करूनही चालते. प्रत्येक उपकरणापासून पट्टीला स्वतंत्र वायर, ३० ते ४० सेंमीच्या आत, लग आणि बोल्ट घट्ट. पेंट खरवडल्याशिवाय बॉडीला लग लावू नका. १४ मेगाहर्ट्झला करंट तांब्याच्या वरच्या १८ मायक्रॉनच्या थरातच धावतो, त्यामुळे जाडीपेक्षा रुंदी कामाची. तांब्याच्या तारांची विणलेली ब्रेड (वेणी) खोलीत ठीक, पण बाहेर एका पावसाळ्यात हिरवी पडते. तिथे पट्टीच वापरा.

हिरवी वायर मग काढून टाकायची? नाही. ती सुरक्षेसाठी लागते, आणि इथे मात्र रॉडचा दर्जा महत्त्वाचा. पश्चिम नागपूर बेसाल्टवर आहे. वर काळी माती, खाली मुरूम, कित्येक ठिकाणी ३ मीटरचा रॉड पूर्ण जातच नाही. शिवाय काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि रॉडपासून सुटते; जानेवारीत उत्तम लागलेलं रीडिंग उन्हाळ्यात कितीतरी वाढतं. म्हणून मोजणी मेमध्ये करा आणि खड्ड्यात पाणी घालत राहा. रॉड जात नसेल तर ४० मिमी जीआय पाइपचा २.५ मीटरचा इलेक्ट्रोड खणून बसवा. हा खर्च सुरक्षेच्या खात्यात लिहा, आरएफच्या नाही.

हा रॉड घराच्या अर्थिंगशी मीटर बोर्डाजवळ जोडलेला असायलाच हवा, किमान १६ चौरस मिमी तांब्याने, आणि हे काम परवानाधारक वायरमनकडून. स्टेशनचं अर्थ वेगळं ठेवलं की आवाज कमी येतो असं बरेच जण सांगतात. जवळपास वीज पडली तर दोन अर्थमध्ये हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो आणि त्याची वाट तुमच्या सेटमधून जाते. हम (सेटमधली घुरघुर) घालवायला पॉवर सप्लायच्या प्लगची अर्थ पिन कापणारेही भेटतील, त्यांचं ऐकू नका. गॅसच्या पाइपला काही जोडू नका. नळाचा पाइप आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचा असल्याने तो प्रश्नच मिटला.

विदर्भात एप्रिल ते जूनमधले गडगडाट पाहता कोअॅक्सचा मार्गही बदला. गच्चीवरून ते आधी खाली रॉडपाशी आणा, जोत्याजवळ पेटीत गॅस डिस्चार्ज ट्यूबचा अरेस्टर (विजेचा झटका जमिनीकडे वळवणारा) लावा, तिथून वर खोलीत न्या. कोअॅक्स साधारण १० मीटरने वाढेल, १४ मेगाहर्ट्झला अर्ध्या डेसिबलच्या आसपास तोटा होईल. एस-मीटरवर (सेटवरच्या सिग्नलच्या काट्यावर) तो दिसणारही नाही. अरेस्टर ते रॉड वायर सरळ आणि अर्ध्या मीटरच्या आत. तांबं थेट जीआयला टेकवू नका, ओलाव्यात जस्त खाल्लं जातं. मध्ये स्टेनलेस वायसर घाला आणि ग्रीस लावा. अरेस्टर असला तरी ढग दाटले की कोअॅक्स आणि सप्लायचा प्लग दोन्ही काढायचे.

एवढं करूनही २० मीटरवर माईक थोडा चावत राहिला, तर टेबलामागच्या पट्टीला ५ मीटर इन्सुलेटेड वायर जोडून ती भिंतीच्या कडेने जमिनीलगत पसरा, दुसरं टोक मोकळं. टोकाला प्रसारणाच्या वेळी बरंच व्होल्टेज असतं, त्यामुळे ते टेपने झाकून कपाटामागे ठेवा, मुलांच्या हाताला लागेल असं नको. १५ मीटर बँडला हाच उपाय ३.४ मीटर वायरने होतो.